तळकरांचे वाळवंट : प्रेम कोणावर आणि लग्न कोणाशी?

ज्यूंच्या जीवनावरील एका इस्रायली चित्रपटाची चर्चा या पानांवर कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काही जण विचारतील. प्रश्न रास्त आहे. आपल्या चळवळीपुढे आणि साहित्यापुढे आज प्रश्नांची वाण नाही. मग दूरच्या वाळवंटातील प्रेमाच्या गोष्टी आपण का पाहाव्यात? माझे पहिले उत्तर असे, की या चित्रपटातील कुटुंबाचे आडनाव तळकर आहे. 'कर' लागले की मागे गाव आले, आणि गाव आले की मागे गावगाडा आला. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. प्रेम कोणावर करावे हे माणसाचे मन ठरवते. लग्न कोणाशी करावे हे त्याच्या जन्माची चौकशी करणारे लोक ठरवतात. हा अनुभव एकट्या आपल्याच वाट्याचा नाही. तो ज्यांच्या वाट्याला आला त्यांत मराठी बोलणारा एक समाजही होता. त्या समाजाविषयीची, हसवता हसवता घशाशी अडकणारी एक कलाकृती आपण आपल्या डोळ्यांनी तपासून पाहिली पाहिजे.

चित्रपटाचे हिब्रू नाव 'सोफ हाओलाम स्मोला'. मराठीत सांगायचे तर 'जगाच्या टोकाला डावीकडे वळा'. दिग्दर्शक अवी नेशेर, वर्ष २००४. इस्रायलमध्ये त्याला प्रेक्षकांनी मोठी गर्दी केली. दादरला एका मित्राच्या घरी आम्ही सात-आठ जणांनी तो पाहिला. त्यांत माझे चार विद्यार्थी होते. चित्रपट संपल्यावर जी चर्चा झाली ती प्रकाशयोजनेवर किंवा छायाचित्रणावर नव्हती. नायगावच्या चाळीत वाढलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, म्हणजे त्यांच्यातसुद्धा रोटी-बेटी होती?" हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

१

कथा साधी आहे. काळ १९६० च्या दशकाच्या अखेरीचा. स्थळ नेगेव्हच्या वाळवंटातील सरकारने वसवलेले एक गाव. अशी 'विकासनगरे' इस्रायलने १९५० च्या दशकात सीमेवर आणि वाळवंटात उभी केली. येरुहाम, दिमोना ही त्यांतलीच. मोरोक्को, इराक, भारत अशा देशांतून आलेल्या ज्यूंना तेथे मोठ्या संख्येने नेऊन ठेवण्यात आले. युरोपातून आलेल्यांच्या हाती सत्ता, विद्यापीठे आणि शहरे. आशिया-आफ्रिकेतून आलेल्यांच्या हाती वाळवंट आणि मजुरी, अशी ती विभागणी होती. चित्रपटातील गावात मोरोक्कोची कुटुंबे आधीपासून राहतात. त्यांच्या शेजारी भारतातून आलेली कुटुंबे येऊन पडतात. पुरुषांना काम मिळते ते बाटल्यांच्या कारखान्यात. तेथे संपही होतो.

तळकरांची मुलगी सारा आणि मोरोक्कोच्या शुशान कुटुंबातील मुलगी निकोल यांची मैत्री हा कथेचा कणा. साराला लिहायचे आहे, निकोलला या गावातून बाहेर पडायचे आहे. एक जपून पाऊल टाकणारी, दुसरी अंगावर येणाऱ्या आयुष्याला अंगावर घेणारी. साराचे वडील रॉजर (परमीत सेठी) आणि आई रेचेल (कृतिका देसाई) यांच्या संसाराला शेजारच्या सिमोन नावाच्या मोरोक्कन विधवेमुळे तडा जातो. शेवटाकडे क्रिकेट येते. ज्यांनी कधी बॅट हाती धरली नाही असे मोरोक्कन आणि क्रिकेटचे वेड सोबत घेऊन आलेले भारतीय एक संघ बांधतात आणि इंग्रजांशी सामना खेळतात.

या चित्रपटाचे सगळ्यात मोठे बळ त्याच्या विनोदात आहे, आणि तो विनोद पोकळ नाही. मोरोक्कनांना आपल्या फ्रेंच भाषेचा आणि फ्रेंच रीतीभातींचा अभिमान. भारतीयांना आपल्या इंग्रजीचा आणि चहाच्या कपाचा अभिमान. दोघेही त्याच कारखान्यात घाम गाळणार, एकसारख्याच घरांत राहणार, त्याच धुळीत श्वास घेणार. पण मनातून प्रत्येक जण दुसऱ्याला रानटी समजतो. ज्या दोन साम्राज्यांनी त्यांना गुलामीत ठेवले त्यांचीच बिरुदे छातीवर लावून हे दोन पिचलेले समाज एकमेकांवर मोठेपणा गाजवतात. प्रेक्षक हसतो. आम्हीही हसलो. आणि नंतर गप्प झालो, कारण हे दृश्य आम्ही आमच्या वस्तीत पाहिलेले आहे.

वस्तीत कोण कोणाच्या घरी पाणी पितो, कोण कोणाच्या लग्नात जेवतो, कोणाच्या जयंतीची वर्गणी कोण देतो, हे ज्यांनी लहानपणापासून पाहिले आहे त्यांना हा विनोद शिकवावा लागत नाही. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध असमानतेची जी मीमांसा केली तिचा गाभा हाच आहे. वरच्याकडून लाथ खाणाऱ्याला लाथ मारण्यासाठी खाली कोणीतरी सापडते, म्हणून सगळे मिळून वरच्याविरुद्ध उभे राहत नाहीत. नेशेर यांनी बाबासाहेब वाचले असतील असे मी म्हणत नाही. पण कलावंत प्रामाणिक असला की त्याच्या हातून समाजाचे खरे हाड दिसून येते.

२

आता तळकरांकडे वळू. बेने इस्रायल हा कोकणातला समाज. आजच्या रायगड जिल्ह्यात, म्हणजे जुन्या कुलाब्यात, अलिबाग, चेऊल, रेवदंडा, पेण, रोहा या परिसरात हे लोक शतकानुशतके राहिले. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. गावगाड्याने त्यांचा धर्म विचारला नाही; त्यांना एक जात करून टाकले आणि जागा नेमून दिली. जे लोक आपण कोणत्याही जातीचे नाही असे म्हणतात त्यांचेही हा गावगाडा असेच करतो.

त्यांची भाषा मराठी. त्यांनी मराठीतून कीर्तने केली, मराठीतून नियतकालिके काढली. प्रेषित एलियाहूच्या नावाने ते मलिदा करतात, त्यात पोहे, खोबरे, साखर आणि फळे असतात. प्रार्थनामंदिराला ते मशीदच म्हणत आले. मुंबईत मांडवी भागात सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेले प्रार्थनामंदिर हे शहरातले पहिले. माझगावचे त्यांचे विद्यालय १८७५ साली हाइम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केले. वरळी नाक्याकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रस्ता आपल्यापैकी हजारो लोक रोज तुडवतात, ते डॉ. मोझेस याच समाजातले, १९३७ साली मुंबईचे महापौर. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्रायल समाजाची संख्या सुमारे २०,००० होती. पुढे बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, आज येथे काही हजारच उरले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा पुष्कळ मराठी माणसांना हा समाज आपल्यात आहे हे प्रथमच कळले.

हा सारा इतिहास माहीत असलेला वाचक चित्रपट पाहायला बसला की त्याला पहिली खटकणारी गोष्ट जाणवते. तळकरांच्या घराची मुख्य बोली इंग्रजी आहे. आईवडिलांच्या भूमिका करणारे नट मुंबईचे आहेत, पण घर मराठी वाटत नाही. मलिद्याचा वास नाही, कोकणाची आठवण नाही, ओवी नाही. दिग्दर्शकाला 'फ्रेंच विरुद्ध इंग्रजी' असा विनोदाचा तराजू हवा होता, म्हणून त्याने तळकरांना साहेबी करून घेतले. मुंबईच्या कचेऱ्यांत, रेल्वेत, सैन्यात नोकऱ्या करून इंग्रजी आत्मसात केलेली बेने इस्रायल कुटुंबे होती, हे खरे. पण घाण्यावरून आलेली, पोरांना अंगाई मराठीतून म्हणणारीही होती, आणि वाळवंटातल्या या गावांत जाऊन पडलेल्यांत ती कमी नव्हती. त्यांनी तेथे मराठी टिकवली. इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघत आले आहे. चित्रपटाने या मराठीला तोंड दिले नाही. परक्याच्या कलाकृतीत आपले प्रतिनिधी उभे राहतात तेव्हा त्यांच्यातले सगळ्यात साहेबी तेवढे निवडले जातात आणि घाण्यावरचा माणूस चौकटीबाहेर राहतो. 'दलित' म्हणून पडद्यावर कोण येतो आणि कोण येत नाही, याचा विचार करताना ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे.

पण दोष एकट्या नेशेर यांना देता येत नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटाने तरी काय केले? बिमल रॉय यांचा 'यहूदी' (१९५८) रोमन साम्राज्याच्या काळात घडतो. कोकणातला ज्यू त्यात कोठून येणार? डेव्हिड हा आपला थोर चरित्र अभिनेता. त्याचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. तो स्वतः बेने इस्रायल. 'बूट पॉलिश' (१९५४) मध्ये तो जॉनचाचा झाला, 'बातों बातों में' (१९७९) या गोड प्रेमकथेत ख्रिस्ती वस्तीतला अंकल झाला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे काका-मामा रंगवले. चेऊलकर त्याला कोणी कधी होऊ दिले नाही. अपर्णा सेन यांच्या 'मिस्टर अँड मिसेस अय्यर' (२००२) मध्ये एक ज्यू प्रवासी आहे. दंगलखोर बसमध्ये शिरतात तेव्हा सुंता झालेला आपला देह आपल्याला मारेल या भयाने तो एका वृद्ध मुसलमान जोडप्याकडे बोट दाखवतो. भारतीय पडद्यावरचा हा सगळ्यात खरा ज्यू म्हटला पाहिजे. तो भित्रा आहे, गुन्हेगारही आहे. पण त्याची भीती कोठून येते ते चित्रपट सांगतो. तरीही बेने इस्रायलांच्या घरातील प्रेम, भांडण, लग्न, दारिद्र्य यांवरचा मोठा चित्रपट येथे झाला नाही. तो झाला तेल अवीवमध्ये, आणि त्यात मराठी गळून पडली.

३

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हा चित्रपट प्रेमाविषयी आहे. रॉजर आणि सिमोन यांच्या प्रेमाने सीमा ओलांडली जाते. सारा आणि निकोल यांच्या मैत्रीनेही ती ओलांडली जाते, आणि माझ्या मते ती मैत्री ही या चित्रपटातील सगळ्यात सुंदर प्रेमकथा आहे. परंतु चित्रपटाने सीमा दाखवली ती सवयींची, भाषेची, जेवणाची. ती सीमा हसून ओलांडता येते. जी सीमा हसून ओलांडता येत नव्हती, ती त्याच्या केंद्रात नाही.

चित्रपटाच्या काळाच्या जेमतेम काही वर्षे आधी इस्रायलमध्ये काय घडले ते पाहा. तेथे ज्यूंची लग्ने लावण्याचा अधिकार कायद्याने रब्बींच्या हाती आहे. देशात नागरी विवाहाची सोय नाही. १९६२ साली मुख्य रब्बी परिषदेने फर्मान काढले, की बेने इस्रायल माणसाचे लग्न अन्य ज्यूशी लावण्यापूर्वी त्याच्या आईची, आजीची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. घराण्यात कोठे परधर्मीयाशी संबंध आला होता काय, कोणा स्त्रीने शास्त्रोक्त घटस्फोटावाचून दुसरे लग्न केले होते काय, हे शोधावे. म्हणजे दोन हजार वर्षे ज्या श्रद्धेपायी शनिवारी घाणा बंद ठेवला, त्या श्रद्धेच्या स्वतःच्या देशात पोचल्यावर विचारणा झाली : तुझी पणजी कोण होती?

बेने इस्रायल गप्प बसले नाहीत. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकापोरांसह ते रस्त्यावर राहिले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत असा ठराव केला आणि रब्बी परिषदेला फर्मानातून त्यांचे नाव काढावे लागले. त्याही आधी, १९५१-५२ मध्ये, रंगभेदाची तक्रार करीत त्यांच्यातील काहींनी धरणे धरले होते आणि काही कुटुंबे भारतात परतली होती. रायगडातल्या साध्या माणसांनी परक्या देशात, परक्या भाषेत दिलेला हा लढा आहे. मराठीच्या किती पाठ्यपुस्तकांत तो आहे, हे शिक्षकांनी आपले आपणच पाहावे.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितले, की जातीचे मर्म स्वतःच्या गटातच लग्न करण्याच्या सक्तीत आहे. विटाळ, जेवण, धंदा ही सारी त्या सक्तीची पिल्ले. आणि १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. हे सूत्र हाती घेतले की रब्बींचे फर्मान जातीचे फर्मान होते हे कळायला वेळ लागत नाही. धर्म कोणताही असो. जन्माची चौकशी करून लग्नाचे दार उघडणारा वा बंद करणारा पहारेकरी जेथे बसला तेथे जात आली. नेशेर यांनी याच गोष्टीला हात घातला असता तर त्यांचा विनोद अधिक धारदार झाला असता. क्रिकेटच्या सामन्यात मोरोक्कन आणि भारतीय एक होतात. पण दुसऱ्या दिवशी सारासाठी एखाद्या युरोपीय घराण्यातील मुलाचे स्थळ आले असते तर? त्या दिवशीचा चित्रपट त्यांनी काढला नाही.

४

येथपर्यंत वाचून बेने इस्रायलांविषयी आपल्याला आपुलकी वाटली असेल, तर ती योग्यच आहे. पण आपले काम आपुलकीवर संपत नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर अजून अपुरे आहे.

रोटी-बेटी त्यांच्यातही होती, आणि ती इस्रायलला जाण्यापूर्वीपासून होती. बेने इस्रायलांत 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होते. ज्यांच्या पूर्वजांपैकी कोणी समाजाबाहेरील स्त्रीशी संबंध केला, त्यांची संतती 'काळे इस्रायल' ठरली. गोऱ्यांनी काळ्यांत लग्न करायचे नाही, जेवणातही अंतर. आणि गोऱ्या इस्रायलांच्याही वर मुंबईत आणखी एक थर होता : बगदादहून आलेले धनाढ्य ज्यू. १८३६ साली त्यांनी सरकारकडे अर्ज केला, की दफनभूमीत आमच्या आणि बेने इस्रायलांच्या मृतांमध्ये भिंत घालून द्यावी. मेल्यावरसुद्धा भिंत! आपल्याकडच्या वेगळ्या मसणवट्यांची ज्याला माहिती आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

म्हणजे शिडी पाहा. बगदादी बेने इस्रायलाला अशुद्ध समजतो, गोरा इस्रायल काळ्याला अशुद्ध समजतो, आणि पुढे इस्रायलमध्ये रब्बी त्या सगळ्या बेने इस्रायलांनाच संशयाने पाहतो. ज्या मापाने त्यांनी आपल्याच भावाला मोजले त्याच मापाने ते स्वतः मोजले गेले. हे मी त्यांना हिणवण्यासाठी लिहीत नाही. ज्याच्यावर अन्याय होतो तो आपोआप न्यायी होत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. न्याय हा शिकावा लागतो.

आणि हे आरशात पाहिल्यासारखे आहे. मी बौद्ध घरातला. आजोबा गिरणीत बदली कामगार, वडील १९८२ च्या संपात उघड्यावर पडलेले, मी घरातला पहिला पदवीधर. माझी पत्नी मातंग घरातली. आमच्या लग्नाच्या वेळी जातीवरून जी कुजबुज झाली ती वरच्या आळीत झाली नाही. ती माझ्याच नातेवाइकांत झाली. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या माणसाने मला बाजूला घेऊन विचारले, की आपल्यात मुली नव्हत्या काय? 'आपल्यात' हा शब्द मी तेव्हापासून विसरलो नाही. त्या एका शब्दात १९६२ चे फर्मान आहे, १८३६ ची भिंत आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत आपण सारे एकमेकांना खांदा लावून उभे असतो. लग्नाच्या याद्या करताना ती रांग कोठे मोडते, याचा हिशेब आपण मांडलेला नाही.

५

दिग्दर्शकाने निवडलेला काळ एका दृष्टीने फार बोलका आहे. चित्रपटातील मोरोक्कन तरुण पडद्यावर वाळवंटात घुसमटत असताना जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीतील त्यांच्यासारखीच पोरे उंबरठ्यावर उभी होती. १९७१ साली त्यांनी संघटना काढली आणि अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीवरून तिला नाव दिले 'ब्लॅक पँथर'. घरे द्या, शाळा द्या, आम्हाला दुय्यम समजू नका, ही त्यांची मागणी. पंतप्रधान गोल्डा मायर यांनी त्यांना भेट दिली आणि ही मुले काही चांगली नाहीत असा शेरा मारला. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. दोघांनी एकमेकांना पाहिले नव्हते. पण एकाच सुमारास, एकाच नावाने, दोन देशांतील फेकलेल्या वस्त्यांतून तरुण उठले आणि दोन्ही ठिकाणच्या सभ्य लोकांनी त्यांच्या भाषेला नाक मुरडले.

नेशेर यांच्या चित्रपटात संप आहे, पण त्या संपाची जागा शेवटी क्रिकेट घेते. माझा कलात्मक आक्षेप येथे आहे. कारखान्याच्या फाटकावर जो प्रश्न निर्माण झाला त्याचे उत्तर मैदानावर दिले जाते. क्रिकेट मुळात वाईट नाही. शिवाजी पार्कच्या दादरमध्ये राहून मी क्रिकेटला वाईट म्हणणार नाही. पण मैदानावरची समता किती खोल असते हे आपल्याला पाळवणकर बाळूने शिकवले आहे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा चर्मकार गोलंदाज. पुण्यात त्याच्या चेंडूला हात लावणारे त्याला चहा मात्र मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात देत. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. नेशेर यांना कप दिसला नाही. अकरा माणसे एका रांगेत उभी केली की समाज एका रांगेत येतो, असा गोड समज चित्रपट प्रेक्षकाच्या हाती देतो.

आणखी एक माणूस या चित्रपटाच्या केंद्रात नाही : त्या वाळवंटात आधीपासून राहणारा अरब. विकासनगरात आणून टाकलेला मोरोक्कन दुय्यम खरा. पण ज्याची जमीन गेली तो कोणत्या पायरीवर? शिडीची शेवटची पायरी चौकटीबाहेर ठेवली की वरच्या पायऱ्यांवरचे दुःख पाहणे सोपे जाते. आपल्या आत्मकथनांना आणि चित्रपटांनाही आपण हीच कसोटी लावली पाहिजे. भटक्या-विमुक्तांचा माणूस, हाताने मैला साफ करणारी बाई आपल्या चौकटीत असते काय?

६

तरीही मी हा चित्रपट पाहा असे सांगेन. त्याचे कारण आपल्या साहित्याच्या पुढच्या वाटचालीशी जोडलेले आहे.

आपल्याकडे प्रेम आणि जात यांवरचे दोन मोठे चित्रपट नागराज मंजुळे यांनी दिले. 'फँड्री' (२०१३) दगडाने संपतो. 'सैराट' (२०१६) रक्ताने संपतो. नेशेर यांचा चित्रपट मात्र आंबटगोड राहू शकतो. हा फरक दिग्दर्शकांच्या स्वभावाचा नाही, समाजाच्या स्वभावाचा आहे. तळकरांना १९५० च्या परतीच्या कायद्याने नागरिकत्व मिळाले होते. रब्बींनी अडवले तरी संसद त्यांच्या बाजूने उभी राहिली. मोरोक्कन मुलगी आणि भारतीय मुलगी यांची मैत्री झाली म्हणून त्यांना कोणी जाळणार नव्हते. येथे २०१४ साली खर्ड्यात वरच्या जातीच्या मुलीशी बोलला या संशयावरून शाळकरी दलित मुलगा मारला गेला आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. आपल्याकडे १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. इस्रायलमध्ये नाही ती नागरी विवाहाची सोय आपल्या घटनेच्या राज्याने दिली. पण त्या कायद्यातली तीस दिवसांची नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागते आणि ती वाचून भाऊबंद काठ्या घेऊन येतात. तेथे कायदा अडवतो आणि समाज सावकाश वाट देतो. येथे कायदा वाट देतो आणि समाज अडवतो. हसण्याला सुरक्षितता लागते. ती जेथे नाही तेथे कलावंताला आंबटगोड परवडत नाही.

पण त्यातून असा निष्कर्ष काढू नये, की आपल्या साहित्याने फक्त दगड आणि रक्त लिहावे. चाळीत राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, की आपल्या माणसांइतके हसणारे लोक क्वचित असतील. नळावरच्या भांडणात, जयंतीच्या मिरवणुकीत, पोरापोरींच्या चोरट्या चिठ्ठ्यांत जो विनोद आहे तो आपल्या जलशांनी ओळखला होता. लिहिताना मात्र आपण पुष्कळदा तो बाजूला ठेवला, कारण प्रस्थापित वाचकाला आपण केवळ दुःखी हवे होतो आणि आपल्यालाही आपला संताप हलका होईल अशी भीती वाटली. नेशेर दाखवतात, की स्वतःच्या माणसांच्या ढोंगावर हसता येते आणि तरी त्यांच्यावरची माया कमी होत नाही. आपल्या पोटजातींच्या मिजाशीवर, साहेब झालेल्या आपल्याच अधिकाऱ्यांवर, बुद्धविहारात सोयरिकी जुळवताना हळूच जुनी जात विचारणाऱ्या काकांवर असे हसणारी कादंबरी किंवा चित्रपट आपल्याकडे झाला पाहिजे. तो बाहेरच्याने केला तर ती टवाळी होईल. आपण केला तर ते आत्मपरीक्षण होईल.

बाबासाहेबांच्या एका इंग्रजी लेखनाच्या शीर्षकात अस्पृश्यांना 'भारतीय घेटोची लेकरे' म्हटले आहे. घेटो हा शब्द ज्यूंच्या इतिहासातला. त्यांनी तो उसना घेतला तो दया मागण्यासाठी नव्हे; जगातल्या दुसऱ्या एका बंदिस्त वस्तीकडे बोट दाखवून आपली वस्ती अधिक स्पष्ट दिसावी म्हणून. तळकरांच्या गोष्टीकडे आपण त्याच दृष्टीने पाहावे. शिक्षकांनी हा चित्रपट वर्गात दाखवावा आणि त्यासोबत १९६४ च्या धरण्याची हकिकत सांगावी. कार्यकर्त्यांनी तो वस्तीत दाखवावा आणि दाखवून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा : तुमच्या घरात शेवटचे लग्न 'आपल्यात'च झाले की बाहेर? उत्तराला जो वेळ लागेल, तेवढे काम अजून शिल्लक आहे असे समजावे.